माया

मी शिंपी. छातीचं माप घेताना
माणूस श्वास कोंडून धरतो, हे मला ठाऊक,
म्हणून अर्धा इंच मी मनातच वाढवतो
आणि आतल्या शिवणीत दोन बोटं माया सोडतो.
पोरगं वाढेल, बाई सुटेल,
उसवून सैल करता येईल.
बावीस वर्षं झाली, माझ्या कापडानं
कारंज्याच्या अलीकडल्या पाच गावांत कोणाला दगा दिला नाही.

मग प्रांजलीला साखर निघाली.
नऊ वर्षांची पोर.
अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी वही दिली, रकाने आखलेली:
पदार्थ, वजन, कर्ब, प्रथिनं, स्निग्ध, उष्मांक.
म्हणाल्या, सुई कर्बावर ठरते,
दहा ग्रॅमला एक युनिट.
अंदाजे हा शब्द या वहीत नको.

सराफाचा जुना काटा आणला,
चुलीजवळ ठेवला, गुंजेलासुद्धा हलायचा.
पहिल्या आठवड्यात कळलं, पळी हे माप नव्हे.
वनमालाची पळी आणि माझ्या बहिणीची पळी
यांत अकरा ग्रॅम तेलाचा फरक,
म्हणजे शंभराला एक कमी उष्मांक,
आणि दोघी शपथेवर सांगतात, पळीभरच टाकलं.

मोबाइलमधल्या यादीत पिझ्झाचे सोळा प्रकार.
रोडगा नाही.
अंबाडीची भाजी नाही.
भाकर आहे: एक, मध्यम.
कोणाची मध्यम?
मी नवीन नोंद केली: भाकर, वनमालाची.
कोरडं ज्वारीचं पीठ सत्तर ग्रॅम, कर्ब एकोणपन्नास.
तव्यावरून उतरली की तीच भाकर एकशे बारा भरते.
वरचं सगळं पाणी.
पाण्याला उष्मांक नसतो, वजन असतं,
आणि काट्याला ते दोन्ही सारखंच.

शेलूच्या लग्नात पंगतीत बुंदी आली.
आत्या म्हणाली, "काय सोन्यावानी मोजून रायले, भाऊ!
लेकराले जरा मायेनं खाऊ द्या ना."
प्रांजलीनं पत्रावळीवरची बुंदी बोटानं गोळा केली,
एक डोळा मिटला,
"एकोणतीस."
पिशवीतून काटा काढला. एकतीस.
आत्या हसली. मग हसायची थांबली.

चूक माझी झाली.
जून महिना, गणवेशांचा ढीग, डोळ्यांत खडू,
रात्री भाकर तोलली ती भाजल्यावर
आणि एकशे बारा हा आकडा लिहिला पिठाच्या ओळीत.
कर्ब झाले अठ्ठ्याहत्तर.
पाच युनिटांऐवजी आठ.
सुई मीच दिली. टाका कसा सरळ गेला होता!

पावणेएकला तिनं माझा हात हलवला,
"बाबा, कपाळ वलं झालं माह्यं."
यंत्रावर सेहेचाळीस.
वनमालानं डबा उघडला, गूळ फोडला की चावला
कोण जाणे, मुठीनं भरवला,
बोटं तिच्या दातांत तशीच.
पंधरा मिनिटं
घरात एकच घड्याळ नव्हतं असं वाटलं.
बाहत्तर.
मग एकशे चार, मग तिला झोप लागली
आणि आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना भिंतीसारखे.

सकाळी वही तिनंच घेतली.
एकशे बारावर आडवी रेघ मारली, खोडलं नाही,
बाजूला लिहिलं: बाबा, ओलं वजन.
खाली लिहिलं: १२.४५, गूळ.
पेन थांबला.
"किती होता?"
वनमाला म्हणाली, "मोजला नाई गं. मुठीत आला तेवढा."

पोरगी उठली. डबा उतरवला.
परवाच आणलेला गूळ, बाजारातून आल्याबरोबर
मी तोलून झाकणावर लिहिलेलं: पाचशे.
कोणी हात लावला नव्हता त्याला.
उरलेला काट्यावर ठेवला,
ओठ हलवत वजाबाकी केली,
आणि रकान्यात भरलं, माझ्या अक्षरापेक्षा सुबक:
बेचाळीस.

मी मशीनवर बसलो.
पाचवीतल्या कोण्या पोराचा शर्ट होता,
कापड आतून दुमडलं,
दोन बोटं धरली,
टेप लावून पाहिली,
सव्वा इंच.
इतकी वर्षं मला ते ठाऊकच नव्हतं.